ट्रॉलीनं दार घासलं, तर क्लेम करावा का?

पारोळ्याहून एका भाऊंनी विचारलंय. गाडी पेट्रोल, ११९७ सीसी, चौथं वर्ष चालू. अमळनेरच्या बाजार समितीच्या फाटकापाशी मक्यानं भरलेली ट्रॉली वळताना गाडीचं डावं मागचं दार आणि त्यामागचा पत्रा घासला गेला, थोडा पोचाही आला. शोरूमनं १३,६०० रुपयांचं एस्टिमेट दिलं, बाहेरचा डेंटर-पेंटर ६,५०० म्हणतोय. पॉलिसीवर ३५ टक्के नो क्लेम बोनस आहे, झीरो डेप (घसारा न कापण्याचं अ‍ॅड-ऑन) नाही, रिन्यूअल दीड महिन्यावर आलंय. शोरूमवाले म्हणतात क्लेम करा, एजंट म्हणतो करू नका. ट्रॅक्टरवाला २,००० रुपये द्यायला तयार आहे. कोणाचं ऐकावं?

भाऊ, मी गेली २२ वर्षं जळगाव-धुळे पट्ट्यात गाड्यांच्या नुकसानीचे सर्व्हे करतोय. त्याआधी चार वर्षं एका वर्कशॉपमध्ये एस्टिमेट लिहायचो. त्यामुळे हा प्रश्न मी टेबलाच्या दोन्ही बाजूंनी पाहिलाय. माझं उत्तर आधीच सांगतो: तुम्ही दिलेले आकडे बरोबर असतील, तर क्लेम करू नका, बाहेर चांगल्या ठिकाणी काम करून घ्या. पण त्याआधी दाराचं ट्रिम, म्हणजे आतलं आवरण, उघडून बघा. का, ते आता सविस्तर सांगतो, कारण गाडी बदलली की उत्तरही बदलतं.

बहुतेक लोक एस्टिमेटचा आकडा आणि बोनसचा आकडा शेजारी ठेवतात आणि तिथेच चुकतात. १३,६०० मिळणार आणि बोनस जाणार, एवढंच त्यांना दिसतं. पण १३,६०० मिळत नाहीत, आणि बोनस एकाच वर्षाचा जात नाही. दोन्ही रस्त्यांनी शेवटी तुमच्या खिशातून किती जातात, ते मांडून बघायला हवं.

आधी मिळणारी रक्कम बघू. दोन पॅनलच्या अशा कामाचं शोरूमचं एस्टिमेट साधारण असं असतं: डेंटिंग ३,२००, दोन पॅनलचं पेंटिंग ९,०००, दाराची प्लास्टिक पट्टी नवी १,४००. झीरो डेप नसेल तर प्लास्टिक आणि रबराच्या भागावर सरसकट ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे पट्टीचे ७०० गेले. पेंटिंगमध्ये घसारा फक्त मटेरियलवर, तोही ५० टक्के. बिलात मजुरी आणि मटेरियल वेगळं दाखवलं नसेल तर एकूण पेंटिंगचा पाव हिस्सा मटेरियल धरतात. म्हणजे ९,००० मधून १,१२५ गेले. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममागे १,००० रुपये सक्तीची वजावट असते, त्यावरच्या इंजिनाला २,०००. एकूण २,८२५ तुमच्या खिशातून, कंपनीकडून १०,७७५.

इथे पॉलिसीचं पान एकदा नीट वाचा. प्रीमियम कमी दिसावा म्हणून कधीकधी 'ऐच्छिक वजावट' २,५०० किंवा ५,००० ची घेतलेली असते आणि मालकाला ते माहीतही नसतं. ती असेल तर तेवढी रक्कम आणखी कापली जाईल. मग एवढ्या लहान क्लेमचा विषयच उरत नाही.

आता बोनस. पहिलं वर्ष विनाक्लेम गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्यानंतर ५०. ही सूट फक्त ओडी प्रीमियमवर, म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर असते, थर्ड पार्टीवर नाही. एक क्लेम घेतला की पुढच्या रिन्यूअलला तुम्ही शून्यावर येता आणि जिना पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायचा. तुमचं पुढच्या वर्षी ४५ होणार होतं, ते शून्य होईल: फरक ४५. त्याच्या पुढच्या वर्षी ५० च्या जागी २०: फरक ३०. मग ५० च्या जागी २५, नंतर ३५, नंतर ४५. सहाव्या वर्षी कुठे बरोबरी होते. बेरीज करा: ४५, ३०, २५, १५ आणि ५, म्हणजे १२०. एका क्लेमची किंमत तुमच्यासाठी सव्वा वर्षाच्या पूर्ण ओडी प्रीमियमच्या जवळपास जाते.

रुपयांत बघू. बोनस वजा करण्याआधीचा तुमचा ओडी प्रीमियम पुढच्या वर्षी ८,२०० धरू. गाडीची किंमत उतरते तसा तो दरवर्षी चारशेनं कमी होतो असं धरलं, तर पाच वर्षांत ९,२६० रुपये जास्त जातात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १०,९०० च्या थोडं वर. तुमच्या पॉलिसीत हा आकडा वेगळा असेल. 'बेसिक ओडी' अशी ओळ शोधा, बोनस त्याखाली वजा केलेला दिसेल. तोच आकडा घेऊन हा हिशेब करा.

आता दोन्ही रस्ते शेजारी ठेवा. क्लेम केला तर वजावट आणि घसाऱ्याचे २,८२५, अधिक बोनसचे १०,९०० च्या वर, मिळून पावणेचौदा हजार. शोरूममध्येच रोख देऊन काम केलं तर १३,६००. म्हणजे क्लेमनं शोरूमच्या कामातसुद्धा तुमचा रुपयाचा फायदा नाही. आणि बाहेर ६,५०० मध्ये तेच काम होतंय. शोरूमवाले खोटं बोलत नाहीत, त्यांच्या दृष्टीनं आजचं बिल कंपनी भरते. तुम्हाला मात्र पुढची पाच वर्षं मोजायची आहेत.

हाच हिशेब सगळ्यांना लागू होत नाही, म्हणून पायऱ्या सांगून ठेवतो. पहिल्याच पॉलिसीच्या वर्षात क्लेम केला तर नुकसान साधारण अर्ध्या वर्षाच्या ओडीएवढं. दुसऱ्या वर्षी ८० टक्के, तिसऱ्या वर्षी वर्षभराच्या ओडीहून किंचित जास्त, चौथ्या वर्षी १२० आणि तिथून पुढे १२५ टक्के. म्हणून नवी गाडी, पहिलं-दुसरं वर्ष, पॉलिसीत झीरो डेप, अशा माणसाला मी 'करा क्लेम' असं बिनधास्त सांगतो. त्याला घसारा कापला जात नाही, वजावट तेवढी भरायची, आणि गमावण्यासारखा बोनस अजून साठलेला नसतो. फक्त झीरो डेपमध्ये वर्षाला बहुधा दोनच क्लेम बसतात. पहिल्याच ओरखड्यावर एक वापरला तर पावसाळ्यात हात आखडतो. तुमच्यासारख्या साठवलेल्या बोनसवाल्याला उलटं सांगावं लागतं.

आणखी दोन गोष्टींनी उत्तर फिरतं. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी विकून नवी घेतली की तो नव्या गाडीवर नेता येतो, आणि नव्या गाडीचा ओडी प्रीमियम कितीतरी मोठा असतो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) किंवा दसऱ्याला नवी गाडी काढायचा विचार असेल, तर आज ६,५०० साठी बोनस घालवणं फार महाग पडेल. याउलट गाडी वर्षभरात विकून पुन्हा घ्यायचीच नसेल, तर पुढच्या वर्षांचं नुकसान मोजायचं कारण नाही. तेव्हा एकाच रिन्यूअलचे ४,३५० आणि वजावट-घसाऱ्याचे २,८२५, म्हणजे सव्वासात हजारांच्या आत. बाहेरच्या ६,५०० शी जवळजवळ बरोबरी, आणि काम शोरूमचं. दुसरं, घरात नुकतंच कोणी गाडी शिकत असेल आणि येत्या दोन वर्षांत आणखी एक क्लेम होईल असं मनोमन वाटत असेल, तर हा बोनस तसाही टिकणार नाही. अशा घराला पाच वर्षांचा हिशेब मांडून देण्यात अर्थ नाही.

बोनस प्रोटेक्ट नावाचं अ‍ॅड-ऑन असेल तर हे गणित बरंच हलकं होतं, पण त्याच्या अटी वाचा. टक्केवारी टिकली तरी मूळ प्रीमियम वाढू शकतो.

आता ट्रिम उघडून बघायला का सांगितलं, ते. मला या सगळ्यात पैशांपेक्षा याचीच जास्त काळजी वाटते. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये एरंडोलच्या एका शिक्षकांची गाडी बघितली. पुढच्या बंपरला केळीच्या ट्रकचा मागचा हूक टेकला होता. बाहेरून फक्त तळहाताएवढा ओरखडा, बंपर पुन्हा जागेवर आलेला. प्लास्टिक असंच असतं, ते दबतं आणि परत उसळतं. त्यांनी पॉलिश करून घेतलं आणि विषय मिटवला. महिन्याभरानं, ४४ अंशांच्या उन्हात, एसी गार करेना. बंपर उतरवला तेव्हा आतली लोखंडी आडवी पट्टी मागे वाकलेली दिसली, आणि तिनं एसीच्या कंडेन्सरचा कोपरा चेपला होता. तोवर ना फोटो, ना तारीख, ना कंपनीला कळवलेलं. त्या क्लेमसाठी मला त्यांच्या बाजूनं पुष्कळ लिहावं लागलं, आणि सरांचे दोन महिने हेलपाट्यात गेले. त्या दिवशी बंपर उतरवायला अर्धा तास लागला असता.

तुमच्या बाबतीत दार आणि क्वार्टर पॅनल, म्हणजे दारामागचा पत्रा, आहे. दार बोल्टवर बसतं, बदलता येतं. क्वार्टर पॅनल मात्र बॉडीला वेल्डिंग केलेलं असतं, ते कापून बदलणं म्हणजे मोठं काम. म्हणून चार गोष्टी बघा. दार आणि क्वार्टरमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, बोट फिरवून बघा. दार बंद करताना आवाज पूर्वीसारखा येतो का. काच पूर्ण खालीवर होते का, मध्येच घासते का. आणि डिकीतलं कार्पेट उचलून मागच्या चाकाच्या कमानीजवळ आतून पत्र्याला सुरकुती पडली आहे का. चारही ठीक असतील तर नुकसान खरंच वरवरचं आहे. क्वार्टरला आतून सुरकुती असेल तर ६,५०० चा आकडा विसरा. एस्टिमेट ३५-४० हजारांवर गेलं, तर क्लेम नक्की करा. तेव्हा बोनस आणि घसारा धरूनही तुमचे निम्मे पैसे वाचतात. तुमच्या गाडीपुरती रेघ ओढायची तर बाहेरच्या चांगल्या दुरुस्तीचा खर्च १६-१७ हजारांच्या वर गेला, तरच मी क्लेमकडे वळेन.

हे कळेपर्यंत कंपनीला कळवून ठेवावं का? हो. घटना घडली की लगेच कळवायची ही पॉलिसीची अट आहे. कळवलं म्हणजे पैसे घेतले असं होत नाही. पुढे क्लेम नको वाटला तर पैसे मिळण्याआधी लेखी मागे घ्या, आणि क्लेम शून्य रकमेवर बंद झाला, बोनस कायम आहे, असं कंपनीकडून मेलवर मागून घ्या. तोंडी 'हो साहेब, झालं' यावर रिन्यूअलला जाऊ नका, तिथे क्लेम उघडा दिसला तर बोनस अडकतो.

फोटो आजच काढा, अजून काढले नसतील तर. लांबून नंबरप्लेटसकट एक, जवळून दोन-तीन, आणि ट्रॉलीचा जो भाग लागला त्याचा एक. ट्रॅक्टरवाला ओळखीचा दिसतोय, तो नाही म्हणणार नाही.

त्याच्या २,००० बद्दल. कोणाला इजा झालेली नाही, तुम्ही क्लेम करणार नाही, मग पैसे घेऊन मिटवा. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी असेच प्रकार होतात आणि असेच मिटतात, त्यात गैर काही नाही. पण त्याच्याकडून पैसे घेऊन, कागदावर सही करून, नंतर कंपनीकडेही त्याच नुकसानीचा पूर्ण क्लेम लावायचा नाही. कंपनीनं तुम्हाला भरपाई दिली की दोषी माणसाकडून वसूल करायचा हक्क तिच्याकडे जातो, तो तुम्ही आधीच सोडून दिलेला असतो. म्हणून आधी ट्रिम उघडा, निर्णय घ्या, मगच त्याच्याशी हात मिळवा. इजा झाली असती तर मी वेगळं बोललो असतो: तिथे पोलिसांत नोंद आणि कंपनीला खबर, बाकी काही नाही.

एक विनंती, कारण हे मी दर आठवड्याला बघतो. क्लेम करायचा ठरलंच, तर जुने ओरखडे त्यात घुसवू नका. "आता होतंच आहे तर पुढचा बंपरही टाका" असं गॅरेजवाला म्हणेल. प्रत्येक घटना हा वेगळा क्लेम असतो, वेगळ्या वजावटीसह. आणि जुनं नुकसान लपत नाही. मी ओल्या फडक्यानं पॅनल पुसतो आणि तिरप्या उजेडात बघतो. ताज्या ओरखड्याची कड चुरचुरीत असते, समोरच्या गाडीच्या रंगाची भुकटी नखाला लागते. जुन्या ओरखड्याच्या खाचेत काळ्या मातीची रेघ बसलेली असते, फडकं तिनदा फिरवलं तरी निघत नाही, आणि एक पावसाळा गेला असेल तर तळाशी तांबूस ठिपके असतात. ट्रॉलीचा मार जमिनीपासून ठराविक उंचीवर, एकाच दिशेनं असतो. बंपरचा ओरखडा त्या रेषेत बसतच नाही. असं सापडलं की खऱ्या नुकसानीवरचाही विश्वास जातो, आणि मला तसा रिपोर्ट लिहिताना फार वाईट वाटतं, कारण माणूस बहुतेक वेळा भोळेपणानं फसलेला असतो.

तसंच, क्लेम घेऊन रिन्यूअलला 'क्लेम नाही' असं कोणालाही लिहू देऊ नका. कंपनी बदलली तरी नवी कंपनी जुन्या कंपनीकडून बोनसची खातरजमा करते. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याच्या पॉलिसीत एजंटनं परस्पर तसं टाकलं होतं. हायवेवर गाडी उलटली तेव्हा ते बाहेर आलं, आणि तीन-चार हजारांच्या सवलतीपायी कित्येक पट मोठ्या रकमेचा क्लेम अडकला. त्या माणसाचा चेहरा माझ्या डोळ्यासमोरून जात नाही.

आता बाहेरच्या कामाबद्दल. ६,५०० स्वस्त आहे म्हणून कुठेही देऊ नका. आधी ओरखडा किती खोल आहे ते बघा. त्यावर पाणी शिंपडा, ओलं असताना दिसेनासा झाला तर फक्त वरचा क्लिअर कोट गेलाय, रबिंग-पॉलिशनं भागेल. नख आडवं फिरवलं आणि अडकलं तर रंगापर्यंत गेलाय. पांढरट पत्रा दिसत असेल तर पावसाळ्याआधी काम करायलाच हवं. निदान आज प्रायमरचा टच-अप लावून घ्या. प्लास्टिकच्या बंपरला गंज लागत नाही, तो थांबू शकतो, दाराचा पत्रा थांबत नाही.

पेंटर निवडताना एकच बघा: बंद पेंटबूथ आहे का. मे महिन्यात आपल्याकडे दुपारी वारा सुटतो तो धूळ घेऊनच. उघड्यावर मारलेल्या रंगात ती दाण्यादाण्यानं बसते, आणि तापलेल्या पत्र्यावर रंग लवकर सुकून खरखरीत होतो. "दादा, बठ्ठं व्हई जाई" (सगळं होऊन जाईल) असं प्रेमानं सांगणारा पेंटर हातानं कितीही कुशल असला तरी धुळीपुढे त्याचं चालत नाही. बूथ असेल तर हजार-दीड हजार जास्त द्या. गाडी मेटॅलिक किंवा मोतिया रंगाची असेल तर शेड आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून, गाडीला लावून, उन्हात बघायला मागा. चार वर्षं इथल्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचा रंग डब्यावरच्या कोडशी तंतोतंत जुळत नाही. म्हणून पुढच्या दाराच्या कडेपर्यंत रंग विरत न्यायला सांगा, नाहीतर मागचं दार वेगळं उठून दिसतं. पोचा ओढून काढायला लावा, पुट्टी भरून सपाट करू देऊ नका. जाड पुट्टी दोन उन्हाळ्यांत तडकते.

गाडी ताब्यात घ्यायला संध्याकाळी जाऊ नका. सकाळी नऊच्या सुमारास जा, गाडी उन्हात उभी करा, मागच्या दिव्यापाशी वाकून पुढच्या आरशाच्या दिशेनं पत्र्यावर नजर टाका. समोरच्या भिंतीचं किंवा विजेच्या खांबाचं प्रतिबिंब पत्र्यात सरळ दिसलं पाहिजे. ते जिथे लाटेसारखं हलतं तिथे पुट्टी जास्त आहे. तिथेच बोट ठेवून पेंटरला दाखवा, आणि ते दुरुस्त होईपर्यंत शेवटचे दीड-दोन हजार हातात ठेवा. नव्या रंगावर महिनाभर वॅक्स किंवा पॉलिश लावू नका, साध्या पाण्यानं धुवा.